एक एचपी म्हणजे कुणाचा घोडा?

रबाळे एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात माझा भाचा शिकाऊ म्हणून जातो. जळालेल्या मोटरी येतात, त्यांची जुनी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं. प्रत्येक मोटरवर एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर लिहिलेलं असतं: ५ एचपी, ३.७ किलोवॅट. एका जुम्म्याला नमाजनंतर तो घरी जेवायला आला आणि ताटावर बसता बसता म्हणाला, "मामू, एक एचपी म्हणजे एक घोडा ना? पण कुठला घोडा? लग्नातला की रेसचा?"

मी हसलो, पण उत्तर लगेच देता आलं नाही.

त्याच आठवड्यात एक चित्र माझ्या मोबाइलवर दोनदा आलं. आधी खानदानाच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं की हे आमचे बुजुर्ग, मुहम्मद बिन कासिमचे शहसवार, अशा घोड्यांवरून त्यांनी सिंध जिंकला. दोन-तीन तासांनी तेच चित्र सोसायटीच्या ग्रुपवर. तिथला मजकूर वेगळा होता. असे राक्षसी घोडे घेऊन ते आपल्यावर चालून आले, विसरू नका. एकाच चित्रावर एका ग्रुपवर छाती फुगत होती आणि दुसऱ्यावर दात खाल्ले जात होते.

चित्र संगणकाने बनवलेलं होतं हे उघड होतं. काळाभोर घोडा, मान झाडाच्या बुंध्याएवढी, स्वाराच्या रिकिबी खाली उभ्या शिपायांच्या खांद्याला लागतायत. मी मात्र खुरांपाशी अडकलो. गुडघ्याच्या खालपासून पांढऱ्या केसांचे लांब झुपके खुरांवर ओघळले होते. असे झुपके अरबी घोड्याला नसतात. तुर्कीला नसतात, काठियावाडीला नसतात, आपल्या तट्टाला तर नाहीतच. हे पाय इंग्लंडच्या शायरचे किंवा स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेलचे. आणि गंमत अशी की भाच्याच्या मोटरवरच्या पत्र्यात बसलेला घोडाही जवळपास याच कुळातला आहे.

आधी पत्र्याची गोष्ट. जेम्स वॅटला वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाईक कोण, तर ज्यांच्याकडे चक्की किंवा पंप फिरवायला घोडे आहेत ते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: तुझं यंत्र माझे किती घोडे वाचवेल? म्हणून १७८२-८३च्या सुमारास वॅटने हिशोब मांडला. चक्कीला जुंपलेला घोडा बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार केला की मिनिटाला साडेबत्तीस हजार फूट-पौंडांच्या वर आकडा येतो. वॅटने तो ३३,००० असा गोल केला. आजच्या मापात ७४६ वॅट, म्हणजे सेकंदाला साधारण ७६ किलो वजन एक मीटर वर उचलणं. दिवसभर हे काम करणारा घोडा दांडगाच हवा. लंडनचे बिअर गाळणारे कारखानदार हे या इंजिनांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी होते. व्हिटब्रेडच्या कारखान्यात १७८५ साली वॅटचं इंजिन बसलं. तिथे माल्ट दळायला आणि पिंपांच्या गाड्या ओढायला पोसलेले असायचे तसले धिप्पाड घोडे. त्या ओढकाम्याच्या खांद्याचा जोर आज रबाळ्यात पत्र्यावर ठोकलेला आहे.

घोड्याची उंची हातांत मोजतात. हा आपला कोपरापर्यंतचा हात नव्हे. पंजाची रुंदी, चार इंच, आणि माप खुरापासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, डोकं धरायचं नाही. अस्सल अरबी घोडा चौदा ते पंधरा हातांच्या आसपास, वजन चारशे किलोच्या आगेमागे. शायर सतरा हात आणि त्याहून वर, वजन हजार किलोपर्यंत. बेडफर्डशायरमध्ये १८४६ साली जन्मलेला सॅम्पसन नावाचा शायर एकवीस हात अडीच इंच भरला, म्हणजे खांद्यापाशीच सात फूट अडीच इंच. वजन १,५२४ किलो. आजवर नोंद झालेला हा सगळ्यात उंच घोडा. त्याच्यासमोर अरबी घोडा म्हणजे शिंगरूच वाटलं असतं.

हे अवजड घोडे कुठून आले? उत्तर युरोपच्या ओल्या, जड, चिकट जमिनीतून. आजच्या बेल्जियमचा ब्राबांट, फ्रान्सच्या पेर्श भागाचा पेर्शेरॉन, क्लाइड नदीच्या खोऱ्यातला क्लाइड्सडेल, पूर्व इंग्लंडचा तांबडा सफक पंच. बारा महिने हिरवं गवत, थंड हवा, ओटचा खुराक, आणि मानेभोवती बसणारा जाड गादीचा पट्टा, ज्याच्यामुळे घोडा गळा न आवळता खांद्याने जोर लावू शकतो. त्या पट्ट्याने तिथे बैलाची जागा हळूहळू घोड्याला मिळत गेली. इंग्लंडची दलदल उपसायला हॉलंडचे लोक आले तेव्हा आपले घोडे घेऊन आले, ते रक्त शायरमध्ये गेलं. क्लाइड्सडेलही शुद्ध स्कॉटिश नाही, अठराव्या शतकाच्या मध्यात हॅमिल्टनच्या ड्यूकने फ्लँडर्सहून वळू घोडे आणले तिथून ती जात घडली असं मानतात.

पेर्शेरॉनची गोष्ट आपल्या लोकांना विशेष आवडेल, म्हणून जपून सांगतो. फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की ७३२ साली तूर-प्वातिएच्या लढाईत चार्ल्स मार्टेलने अरब फौजेला हरवलं, त्यांचे घोडे पकडले आणि त्यांच्यापासून पेर्शेरॉन झाला. म्हणजे हरलेल्यांच्या घोड्याचं रक्त आपल्या घोड्यात आहे याचा जिंकणाऱ्यांना अभिमान! इतिहासकार याला दंतकथाच समजतात. एकोणिसाव्या शतकात ल पँच्या सरकारी पागेतले अरबी वळू या जातीवर लावले असंही सांगतात. पण आजचा प्रत्येक पेर्शेरॉन ज्याच्यापर्यंत आपली वंशावळ नेतो तो जाँ-ल-ब्लाँ १८२३ सालचा. जवळपास तेराशे वर्षांची कहाणी, आणि वंशावळ दोनशे वर्षांची. आपल्याकडे काही घराण्यांच्या शजऱ्यांचंही असंच होतं. ते पुन्हा कधीतरी.

मग मध्ययुगातले लोखंडात मढलेले सरदार कशावर बसायचे? सिनेमात ते शायरसारख्या घोड्यावर असतात. २०२१ साली एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाने इंग्लंडमधल्या दीडशेहून जास्त ठिकाणी उत्खननात निघालेली, इसवी सन ३०० ते १६५० या काळातली घोड्यांची हाडं मोजली. बहुतेक घोडे चौदा हात दोन इंचांपेक्षा लहान निघाले. आजच्या मापाने ती पोनीच. डोंगराएवढा घोडा ही अलीकडची निपज आहे, त्याला पोसलं ते नांगराने, कालव्यावरच्या होड्यांनी आणि शहरातल्या मालगाड्यांनी. जातीची शुद्धता लिहून ठेवणारी वहीसुद्धा तेव्हाचीच. क्लाइड्सडेलची संस्था १८७७, शायरची १८७८, पेर्शेरॉनची १८८३. रेल्वे धावायला लागून अर्धं शतक झालं होतं तेव्हा या घोड्यांना खानदान मिळालं.

आता आपल्या बाजूला या. रबाळ्याच्या पश्चिमेला खाडी आहे आणि खाडीच्या उत्तर टोकाला ठाणे. आज तिथे फ्लेमिंगो बघायला माणसं जातात. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने या ठाण्याच्या राज्याबद्दल लिहून ठेवलंय. उत्तर कोकण तेव्हा देवगिरीच्या यादवांकडे होतं. पोलो म्हणतो, इथले समुद्री चाचे राजाच्या संमतीने जहाजं लुटतात आणि त्यांचा करार असा आहे की लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. का, तर राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत आणि हिंदुस्थानकडे येणारं एकही जहाज घोड्यांवाचून येत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होतो आणि गाडी ऐरोली सोडत होती. खिडकीतून तिवरं दिसत होती.

त्याच काळात इराणचा इतिहासकार वस्साफ लिहितो की आखाती बेटांतून आणि बंदरांतून तमिळ किनाऱ्याकडे वर्षाला दहा हजार घोडे जात. तिथे त्यांना काय खायला घालतात हे ऐकून त्याला धक्काच बसला होता: भाजलेलं धान्य, लोणी, उकळलेलं दूध. पोलोही तेच म्हणतो, इथे घोडा तगत नाही. त्यात अतिशयोक्ती असेल, पण आपली दमट किनारपट्टी घोड्याला मानवत नाही हे खरं. म्हणून तर दाभोळ, चौल, गोवा ही घोड्यांची बंदरं झाली. घोडा उतरायचा इथे आणि चढायचा घाटावर. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा त्याची नजर मसाल्यांइतकीच या घोड्यांच्या जकातीवर होती. आदिलशाही आणि विजयनगर दोघांनाही घोडे हवेत, आणि दार एकाच्या ताब्यात.

पण आले ते घोडे कसे होते? इब्न बतूताने चौदाव्या शतकात याचं उत्तर इतकं साफ देऊन ठेवलंय की अवजड आणि हलक्या घोड्यातला फरक शिकवायला तेवढं पुरावं. किपचाकच्या गवताळ मैदानांतून, म्हणजे आजच्या दक्षिण रशियाच्या बाजूने, हजारोंचे कळप सिंध-मुलतानमार्गे हिंदुस्थानात विकायला येत. तो म्हणतो, हिंदुस्थानी लोक हे तुर्की घोडे धावण्यासाठी घेत नाहीत. स्वार स्वतः चिलखत घालतो, घोड्यालाही घालतो, म्हणून त्यांना ताकद आणि लांब पाऊल हवं असतं. शर्यतीचे घोडे हवे असतील तर ते येमेन, ओमान आणि फार्सहून येतात, आणि त्यांची किंमत कितीतरी जास्त. म्हणजे आपल्याकडचा "अवजड" घोडा तुर्की, आणि अरबी हा चपळ, महागडा, लहानखुरा. कुरआनातली सूरह आदियात आठवा. तिथे धापा टाकत दौडणारे, टापांतून ठिणग्या उडवणारे, पहाटे छापा घालणारे घोडे आहेत. गाडा ओढणारे नाहीत. आणि सिंधच्या स्वारीबद्दल चचनामा सांगतो त्यात घोड्यांच्या बरोबरीने उंट आहेत. चित्रात एकही उंट नव्हता.

'आईन-ए-अकबरी'त अबुल फज्लने घोड्यांच्या सात प्रती दिल्यात. अरबी, इराकी म्हणजे इराणी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी, जंगला. शेवटच्या दोन इथल्या. देशी घोड्यांत उत्तम तो ताजी, मधला जंगला, आणि सगळ्यात खाली तट्टू. मजा बघा, फारसीत ताजी म्हणजे अरब, आणि इथे तोच शब्द देशी घोड्याला चिकटलाय. शब्दही घोड्यांसारखेच पागा बदलतात. आपल्या मराठीत तट्टाची काही बरी जागा नाही. भाडोत्री तट्टू, अडेलतट्टू. मुघल दप्तरात तळाला, मराठी म्हणींत हेटाळणीला.

आणि याच तट्टाने दख्खनचा इतिहास वळवला.

मलिक अंबर हबशी होता, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. त्याच्याकडे मुघलांसारखे तुर्की-इराणी घोड्यांचे तबेले नव्हते. त्याच्याकडे मराठा बारगीर होते आणि डोंगरात चढणारे, मिळेल ते खाणारे घोडे. या हलक्या स्वारांनी रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, समोरासमोर उभं राहायचंच नाही. मुघलांनी त्याला बारगीगिरी म्हणून नाकं मुरडली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या तेव्हा अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. सगळ्या रानाचा चिखल झाला. चिलखती स्वार, जड घोडे, तोफांचे गाडे त्यात रुतले. या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने होते. शरीफजी तिथेच पडले. दोघा भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली होती अशी परंपरा आहे. हबशी वजीर, मराठा स्वार, पिराच्या नावाचे भोसले आणि तट्टू. त्या चित्राच्या खाली दोन्ही ग्रुपांत जे लिहिलं होतं, त्यातल्या कुठल्याच ओळीत ही लढाई बसत नाही.

पुढे शिवाजी महाराजांनी ही रीत कितीतरी पुढे नेली. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा. आपल्या लोकांत आजही बारगीर, नालबंद, सौदागर ही आडनावं सापडतात. नालबंद कुणाच्या फौजेतल्या घोड्यांना नाल ठोकायचे? ज्याची फौज असेल त्याच्या.

भीमथडीचं तट्टू हे भीमेच्या थडीचं, म्हणजे काठचं. पुणे, सोलापूर, नगरचा पट्टा. साधारण तेरा हात उंच, पोलादी खुराचं, कमी चंदीवर चालणारं. ते घडलं कसं, तर बंदरावरून चढलेले अरबी, उत्तरेकडून आलेले तुर्की आणि इथलेच डोंगरी घोडे यांच्या मिसळणीतून. पिढ्यामागून पिढ्या दुष्काळाने आणि दगडाने त्याला लहान आणि चिवट केलं. घोड्याची उंची नुसत्या रक्तावर ठरत नाही, चाऱ्यावर आणि कामावरही ठरते. अरबी वळूची अवलाद ब्राबांटच्या कुरणात वाढली असती तर दहा पिढ्यांनी तिचं काय झालं असतं, आणि शायरला माणदेशात सोडला असता तर तो पहिला उन्हाळा तरी काढता का, हा प्रश्न मी त्या चित्राच्या दोन्ही मालकांना विचारू इच्छितो.

मग अवजड घोडा आपल्याकडे का आला नाही? एक तर त्याला दिवसाला जेवढा चारा लागतो तेवढ्यात इथलं एक कुटुंब जनावरांसकट जगतं. दुसरं, त्याचं काम इथे आधीच कुणीतरी करत होतं. बैल. नांगर बैलाचा, मोट बैलाची, तोफेचा गाडाही बैलाचाच. सांगली-सोलापूरकडची खिल्लार जोडी उन्हात जे ओढते ते ओढायला घोडा कोण आणेल? इंग्रजांनाही इथे शायर आणावासा वाटला नाही. त्यांच्या तोफखान्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून मधल्या बांध्याचे घोडे जहाजांनी येत, म्हणून त्यांचं नावच वेलर. आणि बसऱ्याहून अरबी घोडे मुंबईला उतरतच राहिले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. १९०७ साली विजेची ट्राम धावली, म्हणजे वॅटच्या हिशोबातला घोडा आला आणि हाडामांसाचा गेला. उरलीसुरली व्हिक्टोरियाही उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या आदेशाने निघाली.

शायर आणि सफक पंच आज इंग्लंडमधल्या दुर्मिळ जातींच्या यादीत आहेत. ट्रॅक्टरने त्यांना खाल्लं. आपलं भीमथडी तट्टू मात्र धनगरांच्या वाड्यांबरोबर अजून चालतंय, पाठीवर भांडीकुंडी, कोकरं, कधी लहान मूल. २०२३ साली राज्यगीत ठरलेल्या गाण्यात त्याचं नाव आहे, पण सरकारी दप्तरात त्याची वेगळी जात म्हणून नोंद त्याच्याही नंतर झाली, देशातली घोड्यांची आठवी जात म्हणून. आधी गाणं, मग कागद.

मी दोन्ही ग्रुपांवर एकच ओळ टाकली: चित्रातला घोडा इंग्लंडचा शायर आहे, बिअरची पिंपं ओढायचा. सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी अंगठा दाखवला, बाकी शांतता. खानदानाच्या ग्रुपवर खालाजानचा आवाजी संदेश आला, "तौबा! दारूच्या गाडीचा घोडा, आणि त्याच्यावर मुहम्मद बिन कासिमला बसवला? काढा ते आधी!" चित्र पाच मिनिटांत गायब झालं. इतिहासाने जे झालं नसतं ते बिअरने केलं.

भाच्याला पुढच्या जुम्म्याला सगळं सांगितलं. त्याला मुहम्मद बिन कासिमपेक्षा आकड्यांत रस. घोडा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जोराने दिवसभर ओढू शकतो असा एक ठोकताळा आहे, तो सांगितल्यावर त्याने मोबाइल काढला. तट्टू तीनशे किलोचं धरलं, चाल तासाला चार किलोमीटर. "मामू, ०.४४ एचपी," तो म्हणाला. "आपल्या बिल्डिंगमध्ये लोक लावतात ना अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर, तिच्याहूनही कमी." मग शायरचा हिशोब केला, नऊशे किलोचा. १.३ आला.

"म्हणजे एका शायरला तीन तट्टू," तो म्हणाला आणि भात मागितला.